उलटी भरती

दौलत पाटलांनी डॉक्टरिणीच्या पेनावर सरळ हात ठेवला.

"थांबा बाई. तिथं शून्य टाकू नका. आता सांगतो ते कोणाला पटायचं न्हाय, पण ऐकून घ्या."

पेन अकराव्या प्रश्नावर थांबलं होतं. 'नवऱ्याचं नाव काय?' समोर बाजेवर काशीबाई बसल्या होत्या. प्रश्न कानावर पडताच त्यांनी मान खाली घातली होती आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या होत्या.

पाहणी मुंबईच्या एका संस्थेची. खारबावातल्या साठी ओलांडलेल्या सगळ्यांची स्मरणशक्ती तपासायची, संशय येईल त्यांचं रक्त घ्यायचं, डोक्याचा स्कॅन काढायचा, आणि हा अल्झायमर कोणाला होतो, का होतो, त्याचा माग काढायचा. डॉक्टर दिपाली चार दिवस गावात घरोघर फिरत होती.

"बाबा, तुमचं सुरू नका करू," दारात उभा राहून बाइकची किल्ली बोटावर फिरवत धनेश म्हणाला.

"तू गप रे. तू तेव्हा जन्मलापण नव्हतास." दौलतराव डॉक्टरिणीकडे वळले. "चौसष्ट सालची गोष्ट. आमची वरात होडीतून. भर खाडीत बायांनी हिला अडवलं. नाव घे, तरच होडी पुढं. ही घेईना, त्या ऐकेनात. शेवटी घेतलं हिनं. नुसतं न्हाय, माझ्या बापासकट. तशी चढती भरती जागच्या जागी थांबली आणि उलटी फिरली, बाई! होडी चिखलात. तीन दिवस अख्खं वऱ्हाड चिखलात बसून. जिताडे मासे आपणहून उड्या मारून टोपात पडत होते, म्हणून जगलो. चौथ्या दिवशी पंचांनी ठरवलं, या बाईनं नवऱ्याचं नाव पुन्हा घ्यायचं न्हाय. मिठागरं कोरडी पडतील."

दिपालीला हसू आवरेना. "म्हणजे आजी नाव घेत नाहीत, एवढंच ना?"

"एवढंच. लाजते ती."

दिपालीने वहीची मागची पानं चाळली. कालही दोन म्हाताऱ्यांनी या प्रश्नाला नुसती मान फिरवली होती. तिने तेव्हाच मुंबईला फोन केला, तर संस्थेतले वरचे म्हणाले, छापलंय तसं विचारा. प्रश्न लिहिणाऱ्याच्या घरात बहुधा बायका नवऱ्याला नावानेच हाक मारत असाव्यात.

तिने बेरीज पुन्हा केली. हा एक गुण धरला, तर आजी संशयाच्या रेषेच्या अलीकडे राहत होत्या. नाही धरला, तर पलीकडे.

ती रेषा कसली, हे घरात दोघा बापलेकांनाच ठाऊक होतं. गेल्या महिन्यात काशीबाई सकाळी घरातून निघाल्या, त्या दुपारी भिवंडीत लूमच्या गल्लीत सापडल्या. कापडाची खेप टाकून निघालेल्या, गावातल्याच टेम्पोवाल्या सिराजने ओळखलं आणि टेम्पोत घालून घरी आणलं. "चाची रास्ता भूल गई थी," एवढंच तो म्हणाला. दौलतरावांनी गावभर सांगितलं की, ती माहेरच्या देवाला निघाली होती आणि वाटेत देवच टेम्पो घेऊन भेटला. धनेश मात्र दुसऱ्या दिवशी पडघ्याच्या पुढच्या एका वृद्धाश्रमात बोलून आला. त्यांना डॉक्टरचा कागद हवा होता.

"माझी गोडाऊनला ड्युटी," तो आताही डॉक्टरिणीला म्हणाला. "हे सत्तरीच्या पुढचे. हिच्यामागं धावणार कोण? एकदा कागदावर आलं, की सोय होते."

"सोय," दौलतराव म्हणाले. "बाई, तुम्ही सांगा. कागदावर आलं, तर औषध देणार?"

"बरं करणारं औषध अजून नाही, काका."

"कशानं होतो, ते तरी?"

"मेंदूत काही पुंजके साठतात. ते का साठतात, ते शोधतोय. आणि खात्रीने दिसतात ते…" ती अडखळली.

"कधी दिसतात?"

"मेंदू प्रत्यक्ष तपासला, तर."

"म्हणजे मेल्यावर." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ऐकलंस? आमचा झाडफूक करणारा भगत कोंबडा खातो, पण जिवंत असेपर्यंत तरी सांगतो."

काशीबाई पदर सोडत होत्या आणि गुंडाळत होत्या.

खरं तर दौलतरावांना तपासणीची गरजच नव्हती. चाळीस वर्षं ओटीवर त्यांची थाप रंगात आली, की आतून, चुलीपाशी बसल्या जागेवरून काशीबाईंचा आवाज यायचा, "खोटं!" त्यावर ऐकणारे हसायचे आणि गोष्ट संपायची. ती गोष्ट संपवायची पद्धतच होती. दोन वर्षांपूर्वी तो आवाज एकदा आला नाही. दौलतरावांना वाटलं, भाकरी भाजण्यात असेल. पुढच्या वेळी त्यांनी थाप मोठी केली. मग त्याहून मोठी. अंबाडीच्या एसटीत जिताडा तिकीट काढून बसला, इथवर गेले. आतून काशीबाईंनी फक्त विचारलं होतं, "मग उतरला कुठं?"

त्या दिवसापासून ओटीवरच्या गोष्टींना शेवट राहिला नव्हता.

"ठीक आहे," दिपालीने पेन उचललं. "रूढीमुळे उत्तर नाही, असं लिहिते. गुण धरते. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

धनेशच्या बोटावरची किल्ली थांबली. "मॅडम, तुम्ही यांच्या थापांवर…"

"पंचांचा ठराव आहे," दौलतराव घाईने म्हणाले. "मनात रोज दहा वेळा घेते माझं नाव. ओठांवर आणत न्हाय, इतकंच. भरतीची भीती. काय गो?"

"खोटं," काशीबाई म्हणाल्या.

आवाज तोच होता, चुलीपासून यायचा तो, ठणठणीत. दौलतरावांचा चेहरा असा उजळला, की क्षणभर त्यांना डॉक्टरीण दिसेना, मुलगा दिसेना. त्यांनी हसायलाही तोंड उघडलं.

काशीबाईंनी पदर बोटावरून सोडला आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"खोटं बोलतात ते. मी लाजत न्हाय, बाई. रोज सकाळी उठून आठवत बसते. येत न्हाय."