माइकची पुढची बाजू

भोंगेसाहेबांच्या घरात आवाज एकच होता, आणि तो भोंगेसाहेबांचा. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणाचं पाकीट सापडलं, हे सगळ्या गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. भोंगे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कंडक्टर लोकांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव, आणि साहेबांनी ते पदवीसारखं मिरवलं. घरी आले की त्यांचा घसा विश्रांती घ्यायचा. मग मुलगी मनातल्या मनात पाढे म्हणायची आणि बायको पातेलीसुद्धा दबकत घासायची.

बायकोचा आवाज निघायचा तो आतल्या खोलीत. सासूबाईंची नजर गेल्यावर नऊ वर्षं तिने त्यांना रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवलं, तेही बाहेर झोपलेल्या नवऱ्याला जाग येणार नाही अशा बेताने.

आणि आता बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीने निवडलं कुणाला, तर तिला. साहेबांनी निवृत्त झाल्यावर हौसेने तीन नमुने पाठवले होते. आवाज भारदस्त आहे, पण प्रत्येक वाक्याला गाडी सुटल्यासारखं वाटतं, असं गोड शब्दांत उत्तर आलं. मुलीने मात्र आजी असताना मोबाइलवर गुपचूप टिपलेलं आईचं वाचन पाठवलं, तर दुसऱ्याच दिवशी फोन. अट एवढीच, की घरी चांगला माइक लावून पहिलं प्रकरण शुक्रवारपर्यंत पाठवायचं. स्वच्छ आलं तर अख्खं पुस्तक तिचं, नाहीतर रांगेत दुसरी बाई उभीच होती.

साहेबांच्या पोटात जे दुखायला लागलं त्याला कुठल्याही दवाखान्यात औषध नव्हतं. लोकांच्या यशावर माणूस जळतो, ते समजण्यासारखं आहे. पण हिचा चहा पिऊन हिच्यावर जळायचं म्हणजे अवघड काम. ते साहेब दिवसभर करत होते.

माइक मीच निवडणार, असं त्यांनी जाहीर केलं, आणि दुकानात पाऊल टाकताच हाताला लागलेल्या पहिल्या माइकमध्ये फू करून फुंकर मारली. दुकानाच्या मालकीणबाईंनी तो शांतपणे काढून घेतला आणि पुसून ठेवला. मग त्या साहेबांच्या बायकोशी बोलू लागल्या. एक प्रकार दणकट असतो, तोंडाशी धरून बोलायचा, तो आजूबाजूचा गोंगाट फारसा घेत नाही. दुसरा नाजूक, आवाजाचा बारकावा टिपतो, पण खोलीतलं घड्याळही टिपतो. तुमची खोली शांत आहे का, असं त्यांनी विचारलं.

"शांत आहे," बायको म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

तेव्हा नाजूक माइक ठरला. सोबत तो लॅपटॉपला जोडणारी डबी, जाड वायर, टेबलावरचा स्टँड, 'प' आणि 'फ'ची फुंकर अडवणारी गोल जाळी आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. बिल्ला असतो ती माइकची पुढची बाजू, ती बोलणाऱ्याकडे ठेवायची, असं मालकीणबाईंनी जाताजाता बजावलं. मागून बोललं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. "मला माइक शिकवतात," असं साहेब रस्ताभर म्हणत राहिले, पण विहीर त्यांच्या डोक्यात पक्की बसली.

गुरुवारी दुपारी आतल्या खोलीत मांडामांड झाली. आवाज घुमू नये म्हणून बायकोने कपाटाची दारं उघडी टाकली, खुर्च्यांवर रजया पसरल्या, घड्याळातला सेल काढला. साहेबांनी वायरी जोडल्या, आणि माइक मेल्यासारखा गप्प. त्यांनी वायरीला दोष दिला, दुकानाला दिला, मुलीच्या जुन्या लॅपटॉपला दिला. बायकोने डबीबरोबर आलेली पुस्तिका उघडली, सहावं पान वाचलं आणि डबीवरचं बारकं बटण दाबलं. ह्या जातीच्या माइकला त्या बटणाशिवाय वीजच पोचत नाही. पडद्यावर हिरवी रेघ उसळली. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणाली नाही. तिने कधीच म्हटलं नसतं. साहेबांना मात्र ते स्वच्छ ऐकू आलं.

ती पाणी प्यायला गेली, तेवढ्यात त्यांनी माइक स्टँडवर फिरवला. बिल्ला आपल्याकडे, पाठ तिच्या खुर्चीकडे, मध्ये जाळी. कुणी विचारलंच तर स्क्रू सैल होता.

ती बसली आणि वाचू लागली. समोर साहेब, डबीच्या बटणावर बोट ठेवून. हेडफोन टेबलावर तसाच पडलेला, कारण हा माणूस आयुष्यात कधी स्वतःला ऐकायला बसला नव्हता. बटण दाबायचं, बोलायचं, घरी जायचं. बारा मिनिटं ते खुशीत होते. शुक्रवार आला की कंपनीचा फोन येईल, अरेरे म्हणायचं, आणि घर पुन्हा होतं तसं होईल.

वाचन संपलं. तिने हेडफोन लावला आणि पहिल्यापासून ऐकू लागली. साहेब तिच्या कपाळावर आठी कधी पडते ते पाहत होते. एकही पडली नाही. शेवटापर्यंत ऐकून तिने हेडफोन काढला, उठून त्यांच्या कानांवर घातला आणि पुन्हा सुरू केलं.

आवाज आला तो त्यांचाच. नाकातली शीळ. ओठांची चपचप. 'घाई केलीस.' 'इथे थांबायचं असतं, बाई.' 'कोण ऐकणार हिला.' तिच्या प्रत्येक वाक्यावर आपण काहीतरी कुजबुजत होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. माइकने त्यातलं काही सोडलं नव्हतं. ज्या आवाजाच्या जिवावर एकतीस वर्षं मान ताठ ठेवली, तो इतक्या जवळून ऐकला तर कोरडा, किरकिरा आणि म्हातारा निघाला. त्यांना लाज वाटली. लाजेपेक्षाही वाईट वाटलं.

आणि त्यामागे, फार लांब, ती वाचत होती. कुणी एक बाई रिकाम्या घराला कुलूप लावून निघते, वळणावर थांबते, कुलूप नीट लागलं की नाही म्हणून मागे पाहते. साहेबांचा हात आपोआप आवाज वाढवायच्या खटक्यावर गेला. वाढवला तसे तेच अधिक मोठ्याने कुरकुरू लागले. खुर्चीच्या कडेला सरकून, डोळे मिटून ते तिचे शब्द स्वतःच्या श्वासातून वेचू लागले, पण शेवट काही हाती लागेना. समोर बसून बारा मिनिटं घालवली होती आणि गोष्ट काय आहे तेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

"ती बाई परत गेली का?" त्यांनी विचारलं.

बायकोने हेडफोन त्यांच्या कानांवरून काढून घेतला. "बिल्ला तुमच्याकडे आहे, ते मी बसतानाच पाहिलं होतं," ती म्हणाली.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"म्हटलं, एकदा तुम्हाला तुमचं ऐकू येऊ दे." तिने माइक आपल्याकडे फिरवला आणि स्क्रू घट्ट केला. "आता बाहेर बसा. तुमचा श्वास येतो त्यात."

दार लागलं. साहेब बाहेरच्या खाटेवर बसले. एवढी वर्षं ह्याच खाटेवर ते दुपारचे झोपत आणि ह्याच दाराआड ती वाचत असे. आजही तिची गुणगुण येत होती, शब्द लागत नव्हते. मत्सर गेला म्हणावं तर तसं काही नाही. उलट दुपटीने पेटला होता, कारण आता तो कशाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आईने हा आवाज नऊ वर्षं ऐकला होता.

तेवढ्यात शेजारी उंबऱ्यात आला आणि नेहमीसारखा दणक्यात काहीतरी विचारू लागला. भोंगेसाहेब चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आत काम चाललंय." ते इतक्या हळू म्हणाले, की शेजाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं.