दहा माणसं आणा

साहेब, आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज डॉक्टरांनी काढून टाकला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घशात गाठ होती, काढावाच लागणार होता. पण त्या आवाजातला माझ्या वाट्याचा एक दिवस होता, तो तुम्ही खाल्लात. तुम्ही म्हणजे लसीकरण केंद्राचे प्रमुख. भिंतीवरच्या प्रत्येक सूचनेखाली तुमची सही असते आणि तुमचं तोंड कुणीच पाहिलेलं नाही.

माझंही तोंड तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मी हॉटेलच्या लाँड्रीत आहे. तापलेल्या रुळावर ओली चादर चढवायची, पलीकडे दुसरा माणूस ती ओढून घडी घालतो. मध्ये वाफ. चार वर्षांत त्या माणसाचे हात मला पाठ झालेत, चेहरा अजून नाही. खोलीवरही तेच. माझा खोलीसोबती रात्रपाळीला. मी उठतो तेव्हा तो घोरत असतो, मी परततो तेव्हा तो गेलेला असतो. घोरण्यावरून त्याला हजारांत ओळखीन. बोलतो कसा, देव जाणे.

तर ताईचा फोन आला. "पंचवीसला सकाळी ऑपरेशन. अख्खं स्वरयंत्र काढणार म्हणतात."

"दे त्यांना. आत्ताच बोलतो."

मागून आबांचा फाटका आवाज आला. ते पस्तीस वर्षं बसस्थानकावर माइकसमोर बसले. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं काम. घरातसुद्धा म्हणायचे, "चहा फलाटाला लागलेला आहे, प्रवाशांनी आपापला कप आणावा." तेच आबा म्हणाले, "त्याला सांग, जन्मभर मी यंत्रातच बोललो. समोर कोण ऐकतंय ते दिसलं नाही कधी. आता उरलंय ते माणसापुढं बसून बोलणार. ये म्हणावं."

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "मरणाचा हट्टी आहे हा माणूस. ये रे बाबा."

तुमच्या देशात पिवळा ताप आहे. इथून आमच्याकडे जायचं तर लस टोचल्याचं कार्ड लागतं, आणि ते टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. तेव्हा आठ तारीख होती, सोमवार. तुमचं केंद्र सोमवारी आणि गुरुवारीच उघडतं. सुट्टी मागून, धावत आलो. बाकावर मला धरून तिघं.

नर्सबाई म्हणाल्या, "एका कुपीत दहा जणांची लस असते. फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. दहा माणसं जमल्याशिवाय फोडत नाही."

"मग मी काय करू?"

"गुरुवारी या. येताना माणसं आणा."

काचेच्या दाराच्या फ्रिजात ती कुपी मला दिसत होती. करंगळीएवढी. मी बाहेर पडलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून मोजायला लागलो, की या गावात मी कुणाकुणाला म्हणू शकतो, चल माझ्याबरोबर. खोलीसोबती झोपलेला. वाफेपलीकडचे हात. कोपऱ्यावरचा दुकानदार, जो माझ्याकडे न बघता ब्रेड पुढे सरकवतो. साहेब, चार वर्षं झाली. एका हाताची बोटं पुरली, त्यातूनही अंगठा आणि करंगळी उरली.

लाँड्रीतला मुकादम तेवढा माझ्या भाषेचा. त्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अरे, लोक लग्नाला वऱ्हाड जमवतात, तू सुईला जमवतोस?"

"हसू नका हो. माझा जीव चाललाय."

त्यानं तोंड पुसलं. "चल, मी येतो. मला कुठं जायचंय म्हणा. अकरा वर्षं झाली, घरच्यांना आता माझी सवय राहिली नाही. पण एक दंड तर वाढेल."

गुरुवारी, अकरा तारखेला, आम्ही दोघं गेलो. बाकावर सात जण झाले. सात! मी प्रत्येकाकडे बघून हसत होतो, जणू माझ्याच घरचं कार्य आहे. एका म्हाताऱ्याला उठून जागा दिली. दर वेळी दार वाजलं की मान वळायची. एकदा वारा होता, एकदा झाडूवाली. तिला मी हातवारे करून विचारलं, टोचून घेतेस का? तिला वाटलं माझं डोकं फिरलंय.

दुपारी बारा वाजता नर्सबाईंनी खिडकी ओढली. "सातच आहेत. सोमवारी या."

मुकादम चिडला. "बाई, तीन डोस वाया गेले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"नियम आहे. प्रमुखांची सही आहे," त्या म्हणाल्या आणि तुमच्या पाटीकडे बोट दाखवलं.

सोमवारी, पंधराला, मुकादमाला सुट्टी मिळाली नाही. मी एकटाच गेलो. बाकावर तीन जण, मी चौथा. आज तर ठार मेलो, असं म्हणतोय तोवर बाहेर लांबलचक गाडी थांबली. कोट घातलेला एक माणूस आणि त्याची बायको उतरली. ते बाकावर बसलेच नाहीत. आतून कुणीतरी खुर्च्या आणल्या. पाच मिनिटांत फ्रिज उघडला आणि कुपी फोडली. त्या दोघांना आधी टोचलं, मग आम्हा चौघांना. चार डोस बाईंनी कचऱ्यात टाकले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तोंड उघडलं नाही, कारण सुई माझ्या दंडात होती आणि मी आनंदात होतो.

संध्याकाळी मुकादम आणि मी बोटांवर दिवस मोजले. "आज पंधरा, हा पहिला. सोळा, दुसरा." आमच्यात असंच मोजतात. पोर जन्मलं की जन्माचा दिवस पहिला धरतात. चोवीसला दहावा पडला. चोवीसला सकाळचं विमान, संध्याकाळी आबांसमोर, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. मुकादमानं पाठीवर थाप मारली. "बसतंय बघ!"

चोवीसला विमानतळावर खिडकीतल्या मुलीनं कार्ड पाहिलं आणि परत सरकवलं. "टोचल्याचा दिवस धरायचा नाही. हे उद्यापासून लागू होतं." मी हात जोडले. तिनं उद्याचं तिकीट करून दिलं. ती भली होती, पण त्याचं काय करू?

तिथूनच ताईला फोन लावला. म्हटलं, हट्ट राहू दे, फोन कानाला लाव त्यांच्या.

"आबा, मी. आज नाही येता आलं."

"जेवलास का?"

"जेवलो. आबा, बोला ना."

ते बोलायला लागले आणि माझ्या डोक्यावरचा कर्णा सुरू झाला. कुठलं तरी विमान, कुठलं तरी दार. मी फोन कानात कोंबला, दुसरा कान दाबला, भिंतीला तोंड लावलं. कर्णा थांबला तेव्हा तेही थांबले होते.

"काय म्हणालात? आबा?"

ताई बोलली, "तपासायला नेलं रे त्यांना."

"काय म्हणाले ते?"

"मी फोन धरून उभी होते, मला पण नीट नाही कळलं. नुसती घरघर होती. आता ऑपरेशन होईपर्यंत बोलायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

पंचवीसला संध्याकाळी पोचलो. घशात नळी, उशाला पाटी-खडू. सत्तावीसला त्यांनी डोळे नीट उघडले. मी विचारलं, "फोनवर काय म्हणाला होतात?" त्यांनी बराच विचार केला. खडू उचलला, लिहिलं: आठवत नाही. मग माझा दंड चाचपला, कुठे टोचलं ते बघायला. मी खोटंच दाखवलं, खूण कधीच गेली होती.

साहेब, दिवस मोजण्यात चूक माझी. ती माझ्या माथी, मी ती कुणावर ढकलत नाही. पण अकरा तारखेला तुम्ही कुपी फोडली असती तर मी दिवस कसेही मोजले असते, तरी वेळेत पोचलो असतो.

त्या गुरुवारी सात माणसं कमी पडली. सोमवारी सहा पुरली. सहा साताहून मोठे कुठल्या शाळेत होतात? उत्तर द्या. छापील कागद पाठवू नका, पाटी लावू नका. मला बोलवा, समोर बसा आणि तोंडानं सांगा.