पोयटा म्हणून आणलेली माती

लिंबाचं झाड मरायला टेकलं होतं, आणि कल्याणीने तर एकही नियम मोडला नव्हता. दर तीन दिवसांनी दोन तांबे पाणी, सकाळच्या वेळी, बुंध्यापासून वीतभर लांब. पप्पांनी सांगितलं होतं अगदी तसं. तरी पानं पन्हळीसारखी वळली होती आणि बाल्कनी झाडताना रोज केरात दहा-बारा पानं निघत होती. पप्पांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचं म्हणावं असं हे एकच जिवंत काही तिच्या हाती आलं होतं, आणि तेही तिच्या हातून चाललं होतं.

पप्पा, म्हणजे भीमराव, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. पुढे यंत्रं आली, तरी शेतकऱ्याची पिशवी उघडली की आधी त्यांची चिमूट आत जायची. माती ओली करायची आणि बोटांत मळायची. वाळू असेल तर गोळा धरत नाही, बोटांना नुसती टोचते. पोयटा असेल तर गोळा होतो, मऊ लागतो, पण वळी करायला जावं तर मोडतो. चिकणमातीची वळी अंगठीसारखी वळवून बोटात घालावी. "वाळूच्या हातात पाणी टिकत नाही आणि चिकणमातीच्या हातून सुटत नाही," ते सांगायचे. "पोयटा तेवढा शहाणा. आपण पितो, मुळांनाही पाजतो." लहानपणी कल्याणी डोळे मिटून तळहात पुढे करायची आणि ते त्यावर माती ठेवायचे. तिचं उत्तर चुकलं तर रागवायचे नाहीत, हसायचेही नाहीत. "नमुना पुन्हा घ्या," एवढंच म्हणायचे, ऑफिसातल्या आवाजात.

खराडीच्या कंपनीत तिसरं वर्ष लागलं तेव्हा, दोन हजार सहा साली, कल्याणीने वाघोलीत फ्लॅट बुक केला. तिथे त्या वेळी खड्डे होते, सळया होत्या आणि 'येथे स्वप्न साकार होईल' असा फलक होता. पप्पा बघायला आले. फ्लॅट तर हवेत होता, म्हणून त्यांनी जमीन बघितली. एका ढिगाशी उकिडवे बसले, मूठभर माती उचलली, बाटलीतलं पाणी घातलं आणि बराच वेळ मळत राहिले.

"पोयटा आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून पुन्हा, "कल्याणी, पोयटा आहे गं."

त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून काढलं होतं. घरात सात-बाराचा कागद कोणी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी सुपरवायजरला विचारून एक पोतं भरून घेतलं आणि रिक्षावाल्याची कुरकुर ऐकत विश्रांतवाडीच्या घरी नेलं. गच्चीवर अर्ध्या पिंपात ती माती घालून लिंबाचं रोप लावलं. येईल त्याला दाखवायचे, "आमच्या मुलीच्या जमिनीतली माती." झाडही त्यांना शोभेल असं वाढलं. पप्पांचा जलदान विधी झाल्यावर कल्याणीने ते पिंप टेम्पोत घालून वाघोलीला आणलं. आई मात्र राहायला यायला तयार झाली नाही.

ती आली एका रविवारी, भेटायला. मेथीच्या जुड्या ओट्यावर टाकल्या आणि पाणीसुद्धा न पिता बाल्कनीत गेली.

"याला पाणी घालतेस की नुसतं दाखवतेस?"

"घालते की. तीन दिवसांनी."

"तीन दिवसांनी." आईने ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. "एप्रिलात."

"पप्पांनीच सांगितलेलं. पोयट्याला रोज पाणी दिलं की मुळं कुजतात."

"पोयट्याला. बरं. कधी हात घातलास का त्यात?"

"त्यांनी तपासलेली माती मी कशाला तपासू?"

"घाल आता."

कल्याणीने वरचा थर उकरून मूठभर काढली. तांब्यातलं पाणी शिंपडलं, मूठ आवळली, उघडली. गोळा झाला नाही. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा आवळली. बोटांच्या फटींतून रेती घरंगळली आणि तळव्याला बारीक खडे टोचत राहिले. पाच वर्षांच्या पोरालाही कळलं असतं.

"ही वाळू आहे," ती म्हणाली.

"वाळूच. बिल्डरचा ढीग असणार, वरून थोडी माती सांडलेली."

"पण पप्पा चुकणं शक्य नाही."

आई खुर्ची ओढून बसली. "त्यांच्या बोटांतली जाणीव गेली होती. शुगरनं. ती माती आणली त्याच्याही वर्षभर आधी. चहाचा कप गरम आहे का, हे मला विचारायचे. शर्टाची बटणं मी लावायची. तुला सांगायचं नाही अशी ताकीद होती."

"आणि तू ऐकलंस."

"सगळं कुठं ऐकलं? पोतं उघडलं, पाणी घातलं, ते वरून खाली धो धो गेलं. मला काय कळत नाही? एकतीस वर्षं त्यांचे शर्ट धुतलेत, सगळ्या जिल्ह्याची माती बघितलीय. पण माणूस इतका खूश होता. आता काय सांगायचं, की तुमची बोटं खोटं बोलतात?"

"मग झाड जगलं कसं?"

"ते दुपारी झोपले की दोन तांबे. पहाटे ते वंदनेला बसले की दोन तांबे. त्यांचे तीन दिवसांनी, ते वेगळे." आई हसली. "मला म्हणायचे, बघ हिरा, पोयट्याची करामत. मी म्हणायची, हो ना."

कल्याणीलाही हसू आलं, आणि ते अर्ध्यावर अडकलं. तिने हातातली वाळू परत पिंपात लोटली. मग म्हणाली, "राहू दे हीच माती. मी घालीन दोनदा पाणी."

"कधी? तू आठला जातेस, रात्री नवाला येतेस."

"बाईला सांगेन."

"बाईच्या भरवशावर ठेवणार?" आईचा आवाज खाली आला. "हे बघ, मी खोटं चालवलं ते त्यांच्यासाठी. त्यांना आता काय त्याचं? एकदा त्यांचा तराजू बिघडला होता, तर रजा रद्द करून चाळीस शेतकऱ्यांचे नमुने पुन्हा तपासले होते त्यांनी. ते असते आणि त्यांना कळलं असतं, तर एक दिवस ठेवलं असतं का झाड वाळूत?"

कल्याणीने हात धुतला आणि पायात चपला घातल्या.

नगर रस्त्यावरच्या नर्सरीत तिने तीन पोती उघडायला लावली. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, माती आहे, कलिंगड नाही." तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या पोत्यातल्या चिमटीचा गोळा झाला, वळी करताना मोडला. तिने आईकडे हात केला. आईने बोट लावून पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी त्यांनी बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली आणि पिंप आडवं केलं. वाळू आपणहून बाहेर आली, ढिसाळ, कोरडी. झाड कल्याणीच्या हातात राहिलं. तिला वाटलं होतं त्याहून हलकं. मुळं मात्र दाट होती, एवढ्या वर्षांत पाण्याच्या मागे धावून लांबलेली, आणि त्यांच्या गुंत्यात मूठभर वाळू धरून राहिली होती. सांगितलेलं काम नीट करायची तिला सवय होती. तिने झटकायला हात उचलला.

"ती असू दे," आई म्हणाली. "ओढलीस तर मुळं तुटतील."

कल्याणीने हात मागे घेतला. आईने पिंपात पोयट्याचा थर घालून मध्ये खड्डा केला, तिने झाड आहे तसं त्यात उतरवलं, आणि दोघी दोन बाजूंनी माती लोटू लागल्या.