उद्घाटनाची फीत

फटाक्यांची माळ पिंपळाखाली लावायची अक्कल मच्छिंद्र क्लार्कची. वर आग्यामोहोळ आहे, हे दवाखान्यात हिंडणाऱ्या शेळीलाही माहीत होतं. माळ फुटली, मोहोळ उठलं आणि सभापती अण्णासाहेब ज्या नव्या अ‍ॅम्ब्युलन्सचं उद्घाटन करायला आले होते, तिच्यातच हारासकट घुसले. आतून कडी.

अंगण सारवायला आलेली सोनूबाई तेवढी बाहेर राहिली. माश्या पांगल्या तेव्हा तिचे ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वासाला शिट्टी लागली होती.

नर्स बेबीनंदा औषधाच्या नव्या पेटीकडे धावली. अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर हिचंही उद्घाटन, म्हणून पेटीला लाल फीत. मच्छिंद्र आडवा.

"सिस्टर, फीत सायब कापणारेत."

"आत एविलचं इंजेक्शन हाये. बाई मरून राह्यली, भाऊ!"

"मी कुठं न्हाई म्हणतो? उद्घाटन तेवढं होऊ द्या. जल्दी उरकतो."

त्यानं जाऊन अ‍ॅम्ब्युलन्सची काच वाजवली. आतून सभापती ओरडले, "माश्या बिलकुल गेल्या का? बराबर बघ!"

बेबीनंदानं उद्घाटनाच्या ताटातली कात्री उचलली आणि फीत कापली. नऊ वर्षांच्या नोकरीत न विचारता केलेलं तिचं हे पहिलंच काम. तीच फीत तिनं सोनूबाईच्या दंडाला करकचून बांधली. शीर सापडली, फीत सैल केली, औषध हळूहळू आत गेलं. बऱ्याच वेळानं शिट्टी उतरली.

"आता जालन्याला न्यायला पायजे. गाडी काढा."

"उद्घाटनाआधी?" मच्छिंद्रचे डोळे पांढरे झाले. "अन् ती फीत द्या इकडं."

त्यानं फितीला गाठ मारून ती पुन्हा पेटीला बांधली. सभापती उतरले, टोपी नीट केली. "कोणाला चावल्या का?" असं विचारून उत्तराआधीच त्यांनी कात्री घेतली.

"सायब, गाठ दिसून राह्यली," फोटोवाला म्हणाला. "बोट ठेवा."

सायबांनी बोट ठेवलं. टाळ्या पडल्या.

तोवर बेबीनंदा सोनूबाईला धरून तीर्थपुरीहून जालन्याकडे निघालेल्या एस.टी.त चढली होती. सोनूबाईच्या दंडावर फितीचा वळ होता, बेबीनंदाचं बोट तिच्या नाडीवर.

"बाई," सोनूबाई सुजल्या ओठांनी म्हणाली, "म्या सारवल्यालं तुडवलं का हो त्यायनी?"

ओल्या शेणात सभापतींच्या बुटांचे ठसे पार अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारापर्यंत उमटले होते.

"न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "जसंच्या तसं हाये."