शिंपीण मावशींची विहीर

बाजारचौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडीवरच्या उघड्या ग्रंथावर मान झुकवून, डोळे मिटून, मिटेबाबा बसल्या जागी लोकांची घरं ‘पाहत’ होते. दिव्यदृष्टीला फक्त पूर्ण पत्ता लागायचा!

“निळं दार,” ते शिंपीण मावशींना म्हणाले. “मागं बुजवलेली विहीर. तीच तुझं रक्त गोड करतेय! इन्सुलिनच्या सुया बंद कर, विहिरीच्या जागेला रोज एकवीस फेऱ्या घाल.”

“विहीर? आमच्या मागं?” मावशी गोंधळल्या. मग आपणच म्हणाल्या, “असेल बाबा. आम्ही येण्याआधी बुजवली असेल.”

लोक थक्क झाले. गर्दीत उभ्या असलेल्या, शाळेतल्या भूगोलाच्या बाईंच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

तिथे विहीर कधीच नव्हती. सातवीच्या मुलांनी मोबाईलवर वस्तीचा नकाशा केला होता, त्यात घराघरांची दारं, झाडं, विहिरी टिपल्या होत्या. मुलांना दाखवताना बाईंचं बोट घसरलं आणि शेजारच्या कंपाउंडरची बुजवलेली विहीर नकाशावर मावशींच्या परसात पडली. ‘नंतर दुरुस्त करू’ म्हणून राहिली ती राहिलीच. वर कौतुक व्हावं म्हणून नकाशा सगळ्या जगाला खुला ठेवलेला!

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आपली चूक चारचौघांत सांगायची कशी? बाई मुकाट्याने घरी गेल्या.

चौथ्या दिवशी, सुयांविना फेऱ्या घालताना, मावशी कोसळल्या.

त्या दुपारी बाईंनी नकाशावर पोस्टमनच्या घरामागे चिंचेचं झाड ठेवलं आणि संध्याकाळी पोस्टमनला बाबांपुढे उभं केलं.

“मागं चिंच! तिच्यावरच बाधा आहे!” बाबा गरजले.

“माझ्या घरामागं रेल्वेचे रूळ आहेत,” पोस्टमन म्हणाला. “चिंच काय गाडीतून उतरली?”

हशा पिकला. बाईंनी ग्रंथ उचलून लोकांकडे फिरवला. पानं कोरून आत मोबाईल बसवला होता, त्यावर मुलांचा नकाशा. मिटल्या पापण्यांच्या फटीतून बाबा तोच वाचत होते.

“चिंच मी आज लावली. मावशींची विहीरही माझीच चूक,” बाई म्हणाल्या. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लाजेनं गप्प बसले. कुणी तुमच्या घरातल्या गोष्टी सांगितल्या तर हात जोडू नका, विचारा, तुला कुठून कळलं? आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये.”

बाईंनी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा मावशींनी नुकतीच सुई घेतली होती.

“म्हणजे विहीर नाहीच? मग मी चार दिवस कशाभोवती फिरले गं?”

“माझ्या चुकीभोवती,” बाई म्हणाल्या.



“मग आधी ती नकाशावरून पूस,” मावशी म्हणाल्या. “त्यावरून पोरं शिकतात.”