कीबोर्डची तक्रार

तेराव्याचे पाहुणे पांगले, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणित म्हणाला, "ताई, बाबांचा लॅपटॉप बघून ठेव ना. कीबोर्डच गेलाय ना त्याचा? दुसरा बसव, सगळं पुसून टाक आणि आमच्या हेमालीला दे. शाळेचे प्रोजेक्ट तरी करेल."

"बघते," विनिता म्हणाली.

कीबोर्ड गेलाय ही बातमी घरात तिनेच पसरवली होती. वडील गेले त्याच्या तीन दिवस आधी, दुपारी सव्वादोनला, त्यांनी कळव्याहून तिला फोन केला होता आणि कीबोर्ड सोडून दुसऱ्या कशाबद्दलही ते बोलले नव्हते.

वडिलांनी, शिवरामांनी, ठाण्यात एका वकिलांकडे तीस वर्षं टायपिंग केलं होतं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या नोटिसा आपणहून त्यांच्याकडे आल्या. विनिताने आपला जुना लॅपटॉप पुसून, त्यात लिनक्स टाकून त्यांना दिला होता. एक खोड मात्र त्याला होती. अपडेट झालं की मराठीचं लेआउट, म्हणजे कळांवरची अक्षरांची मांडणी, आपोआप इंग्रजी व्हायचं. दोन महिन्यांत तीनदा झालं होतं, आणि तिन्ही वेळा तिने ते फोनवरूनच सोडवलं होतं. म्हणून चौथ्यांदा ती फोनवर बोलत बोलतच वागळे इस्टेटमधल्या ऑफिसच्या जिन्यावरून मीटिंगला चालली होती.

"विनू, अक्षरंच येत नाहीयेत गं. नुसत्या काना-मात्रा येतायत."

"लेआउट बदललंय, बाबा. विंडोजचं बटण आणि स्पेस एकदम दाबा."

"दाबलं. एबीसीडी आली."

"मग परत दाबा. नाहीच जमलं तर बंद करून चालू करा. आणि त्याला शिव्या घालू नका, मला ऐकू येतंय."

ते हसले होते. शब्द जरा जड येत होते, पण खाडीकाठच्या त्या इमारतीत नेटवर्क नेहमीच तसं. चार वाजता आई बाजारातून आली तेव्हा ते लॅपटॉपसमोरच खुर्चीतून खाली घसरलेले होते. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "पक्षाघात आहे. दीड-दोन तास आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं."

लेआउट खरोखर बिघडलं असेल, तर त्या दुपारी तिने योग्य तेच सांगितलं होतं. बिघडलं नसेल तर? या वाक्याच्या पुढे ती गेले पंधरा दिवस जात नव्हती.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. विनिताने खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पासवर्डच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, लेआउट मराठीच होतं. ही पहिली गोष्ट तिला आवडली नाही. तिने सेटिंग्ज पाहिल्या. मराठी आणि इंग्रजी, दोनच नोंदी, तिने लावल्या होत्या त्याच क्रमाने. अपडेटची यादी पाहिली. शेवटचं अपडेट त्या दुपारच्या आठ दिवस आधीचं. मग दाबलेली कळ पडद्यावर दाखवणारा छोटा प्रोग्रॅम चालवून तिने एकेक कळ तपासली. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. एकही कळ चुकली नाही. एखादी तरी अडकावी म्हणून तिने काही कळा पुन्हा, जरा जोरात दाबल्या.

"मिळालं काय गो?" आतून आईने विचारलं.

"अजून नाही."

शेवटी राहिली ती फाईल. ती उघडायला तिने उगाचच पाणी पिऊन घेतलं. पाण्याची टाकी साफ करण्याची नोटीस होती. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" एवढं स्वच्छ, वकिली थाटाचं. पुढच्या शब्दापासून अक्षरं गळायला लागली होती. आधी एखाददुसरं, मग सगळी. उरले ते काने, वेलांट्या, अनुस्वार, कुणाच्याही आधाराविना ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळांवर चिकटलेले. मधूनच म, न, व.

त्याखाली इंग्रजी ओळ होती. डब्ल्यू, ई, ए, डी, आर, एस. पुन्हा मराठी. पुन्हा इंग्रजी. तिने सांगितलं तसं त्यांनी बटण दाबलं होतं, दर वेळी लेआउट निमूटपणे बदललं होतं, आणि दर वेळी अर्धाच कीबोर्ड उमटला होता.

विनिताने दोन्ही हात कळांवर ठेवले, वडील ठेवत तसे, खाली न बघता. या मराठी लेआउटमध्ये काना-मात्रा सगळ्या डाव्या हाताखाली येतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. म, न, व तेवढे डावीकडे. डब्ल्यू, ई, ए, डी, आर, एस ही सगळी डावीकडचीच. तिने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि नुसत्या डाव्याने "कळविण्यात" टाइप केलं. पडद्यावर त्यांच्याच ओळीसारखी ओळ उमटली.

फाईल शेवटची सेव्ह झालेली वेळ होती तीन वाजून सहा मिनिटं. तिने फोन ठेवल्यानंतरची पंचेचाळीस मिनिटं ते बटणं दाबत बसले होते.

प्रणितचा फोन आला. तिने उचलला.

"काय गं, झाला का नीट?"

"बिघडलाच नव्हता."

"म्हणजे? बाबा तर म्हणत होते..."

"बाबा बरोबर सांगत होते, प्रणित. संध्याकाळी घरी ये. फोनवर नको."

तिने फोन ठेवला तेव्हा आई ताट हातात घेऊन दारात उभी होती. निवडलेला तांदूळ एका बाजूला, खडे दुसऱ्या.

"बिघडला नव्हता?" तिने विचारलं. "मग त्यांना काय होत होतं?"

विनिताने पडदा मिटला नाही. शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आई, ते ताट खाली ठेव. इथे बस."