जबल अलीचं गाणं

"पहिल्यावर नाही! अरे बाबांनो, पहिल्यावर नाही! दुसऱ्यावर आणि चौथ्यावर!"

भिंतीपलीकडून उल्हास सरांचा आवाज आला आणि माझा अख्खा दहावीचा वर्ग त्या भिंतीकडे वळला. मी फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढत होते. ती गेली वाकडी.

"मॅम, कॅन वी गो देअर इन्स्टेड?" शौर्यने विचारलं.

"नो," मी म्हटलं आणि भिंतीवर डस्टर आपटला. पलीकडे क्षणभर शांतता. मग पुन्हा टाळ्या, पुन्हा पहिल्यावर आणि पुन्हा सरांचं कपाळ बडवणं. ते मला दिसत नव्हतं, पण माणूस ओळखीचा असला की कळतं.

उल्हास तळवडेकर आमच्या शाळेतले संगीत शिक्षक. मूळचे कुडाळकडचे. आम्ही दोघंही शारजाला राहतो आणि शाळा दुबईत, त्यामुळे रोज माझ्याच गाडीतून जातो-येतो. शारजाचा ट्रॅफिक असा की नवऱ्याशी जेवढं बोलले नसेन तेवढं मी ह्या गृहस्थांशी बोलले आहे. एकोणीस वर्षं त्यांनी ह्या शाळेत प्रार्थना, वाढदिवस आणि अॅन्युअल डे वाजवला. ह्या वर्षी प्रिन्सिपॉलना काहीतरी नवीन हवं होतं, परदेशी युनिव्हर्सिटीच्या अर्जात उठून दिसेल असं. म्हणून अकरावीला एक विषय सुरू झाला : अमेरिकन पॉप्युलर म्युझिक, त्याचा इतिहास आणि समाज. शिकवणार कोण? तर पेटीवाले तळवडेकर! मी स्टाफरूममध्ये चहा सांडेपर्यंत हसले होते.

पण माणूस पेटला. रात्रंदिवस वाचायला लागला. गाडीत मला कापसाची शेतं सांगायचा. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, त्यांचे काढून घेतलेले ढोल, मग ढोल नाहीत म्हणून टाळ्या आणि पाय. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, त्या तालावर कुदळ पडायची. तिथून चर्च, चर्चमधून ब्लूज, ब्लूजमधून जॅझ, रॉक, आणि शेवटी आमची पोरं कानात खुपसून फिरतात ते रॅप.

"आणि मॅडम, गंमत बघा. त्यांची टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. आपली पोरं मेली समेवरच मारणार. इथे जन्मली, मराठी धड बोलत नाहीत, पण टाळी बघा कशी समेवर!"

"तुम्ही स्वतः मान कशावर हलवता ते बघितलंय का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवून बघितली. समेवरच हलली. मग स्वतःशीच हसत बसले.

पहिलं सत्र संपताना ओपन लेसन ठरला. चेअरमन येणार, पालक समिती येणार, तास बघणार आणि विषय पुढे ठेवायचा की नाही ते ठरवणार. आमच्या सुपरवायझर झारा मॅडमनी आदल्या दिवशी सरांना कॉरिडॉरमध्येच गाठलं.

"उल्हासजी, जरा पॉझिटिव्ह रखिएगा. स्लेव्हरी वगैरा दो मिनिट में खलास. फिर डान्स, मस्ती. ओके?"

"जी मॅडम," सर म्हणाले. मी शेजारीच उभी होते. हे दोन मिनिटांत खलास करणार नाहीत हे मला तिथेच कळलं.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर म्हणाले, "वैभवी मॅडम, हा विषय गेला ना, तर मी परत हॅपी बर्थडेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी शिकवतोय असं वाटतंय हो."

मी थट्टा करणार होते, पण त्यांचा चेहरा बघून ती गिळली.

मग त्यांनी मला इशिताचं सांगितलं. वर्गाला होमवर्क दिला होता : तुमच्या घरात काम करताना कोण गातं ते शोधा. बहुतेकांनी लिहिलं, कोणी नाही. एकाने लिहिलं, आमचा स्पीकर. इशिता परब मात्र एक गाणं घेऊन आली. तिच्या वडिलांच्या व्हिलात फ्रिज वर चढवायचा होता. वर्कशॉपची माणसं जिन्यात अडकली, तर हे साहेब कोट काढून मध्ये शिरले आणि एकदम ओरडायला लागले, 'सायब इलो!' माणसं हसली. मग ह्यांनीच त्यांना जोड शिकवली, 'येवंदे!' फ्रिज चढला. इशिताने विचारलं, हे काय होतं? तर त्या दिवशी वडील खुशीत होते, सगळं सांगून बसले. दुबईच्या पार दुसऱ्या टोकाचा जबल अलीचा मजुरांचा कॅम्प, एका खोलीत बारा माणसं, लोखंडी पाइप ओढून नेताना म्हणायचं गाणं.

"आणि मॅडम, ते गाणं मी ह्या कानांनी ऐकलंय!" सर सीटबेल्टमध्येच अर्धे वळले. "मी नवीन होतो तेव्हा दर शुक्रवारी पेटी घेऊन बसने जबल अलीला जायचो. कॅम्पात आमच्याकडच्या पोरांचं भजन असायचं. सुरेश परब बुवा. काय गळा होता! दिवसभर धूळ खाल्लेला, त्यामुळे वरच्या पट्टीत कधीकधी फुटायचा. फुटला की मी पेटीवर तोच सूर जोरात धरायचो. लोकांना कळायचंसुद्धा नाही. पेटीवाल्याचं कामच ते."

"आणि आता?"

"आता शारजा औद्योगिक क्षेत्रात एसी डक्टची फॅक्टरी आहे. पालक समितीवर आहेत. पंधरा वर्षांत भेट नाही. उद्या येणार!"

हे ते अशा आवाजात म्हणाले, जसं एखादं पोर मामा येणार म्हणून सांगतं.

दुसऱ्या दिवशी मीही मागच्या बाकावर बसले. एकमेकांचे तास बघायचे असा आमच्याकडे नियम आहे. चेअरमन, झारा मॅडम, समितीचे चारपाच पालक. सुरेश परब राखाडी सूटमध्ये. सर पुढे झाले, दोन्ही हात पुढे करून. परबांनी एक हात दिला.

"नाइस टू मीट यू, सर."

सर थांबले. "सेम हिअर," म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

तास मात्र त्यांनी झक्कास घेतला. स्लेव्हरी दोन मिनिटांत वगैरे काही संपवली नाही. त्यांचं इंग्रजी कुडाळहून येतं, पण पोरं ऐकत होती. "हू वॉज सिंगिंग? द मॅन हू डिड नॉट ओन हिज ओन हँड्स," ते म्हणाले, आणि मागे मोबाइल बघणाऱ्या चेअरमननी मोबाइल खाली ठेवला. मग टाळ्या. पोरांनी अखेर दुसऱ्या-चौथ्यावर धरल्या. पालकांनी हौसेने साथ दिली, समेवर. सगळी खिचडी झाली आणि वर्ग हसला. मला वाटलं, जिंकलं ह्यांनी.

मग इशिता उठली. तिने पडद्यावर पहिली स्लाइड टाकली : माझ्या वडिलांचं कामाचं गाणं, लेबर कॅम्प, जबल अली.

"सो धिस इज लाइक कॉल अँड रिस्पॉन्स," ती म्हणाली. "लीडर सेज, द बॉस इज हिअर. एव्हरीवन सेज, लेट हिम कम." आणि तिने तिच्या त्या इंग्रजी वळणाच्या मालवणीत म्हणून दाखवलं :

"सायब इलो — येवंदे!
ऊन चढला — चढांदे!
चिठी नाय इली — रवांदे!"

"रवांदे मीन्स, लेट इट बी," तिने सांगितलं. दुसऱ्या फेरीला पोरांनी जोड दिली. 'रवांदे!' खिडक्या हादरल्या.

"एक्सक्यूज मी." परब उभे राहिले होते. चेहरा लाल. शेजारच्या पालकांकडे न बघता म्हणाले, "देअर इज सम मिस्टेक. आय वॉज नेव्हर इन एनी कॅम्प. आय केम अॅज सुपरवायझर."

इशिताने आधी पडद्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"बट पप्पा, यू टोल्ड मी. यू सेड ट्वेल्व्ह पीपल इन..."

"इशिता!"

परबांचा आवाज फुटला. अगदी चिरकला. पोरगी एक पाऊल पुढे आली होती आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडावर आलं होतं. ते काय असणार हे त्या वर्गातल्या सगळ्यांना कळत होतं.

"सॉरी, सॉरी!" उल्हास सर मध्ये आले. हसत. "माय मिस्टेक. धिस साँग इज माइन. आय लिव्ह्ड इन दॅट कॅम्प. मीच उदाहरण म्हणून तिला सांगितलं, आणि स्लाइडमध्ये मिक्स झालं. सॉरी, परबसाहेब."

परब खाली बसले. इशिता सरांकडे बघत राहिली. झारा मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

आता हे उघड आहे की कॅम्पात राहिलेला शिक्षक असणं हा काही गुन्हा नाही. पण विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट शिक्षकाने भरवून दिला, तोही चेअरमनसमोर दाखवायला, हा आमच्या शाळेत गुन्हा आहे. त्याला फार लांबलचक इंग्रजी नाव आहे. सरांना ते माहीत होतं. बोलायच्या आधी माहीत होतं, हे मला आजही चीड आणतं.

त्या संध्याकाळी मी गाडीत त्यांना अक्षरशः फैलावर घेतलं.

"तुम्ही कधी राहिलात कॅम्पात? सांगा ना! तुम्हाला पहिल्या दिवसापासून शाळेचा फ्लॅट. आणि तो मनुष्य तुम्हाला ओळख देत नाही, त्याच्यासाठी तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"ओळख दिली असती तर कुठून ओळखतो हे सांगावं लागलं असतं त्याला."

"मग सांगायचं!"

"मॅडम, पोरगी बापाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणणार होती. एकदा म्हटलं की ते परत घेता येत नाही." मग पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत म्हणाले, "बुवाचा आवाज फुटला हो. माझा हात आपोआप गेला."

मी हॉर्न वाजवला. पुढे कोणी हलणार नव्हतं, तरी वाजवला.

निर्णय पुढच्या आठवड्यात आला. विषय बंद. खोली रोबोटिक्सला. सरांची नोकरी राहिली; अॅन्युअल डे जवळ आला होता आणि पेटी दुसऱ्या कोणाला वाजवता येत नव्हती. झारा मॅडम वाईट नाहीत, त्या म्हणाल्या, "आय फाइट फॉर यू, उल्हासजी, लेकिन..." सर म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम." भिंतीवरचे तक्ते त्यांनी स्वतः उतरवले. कापसाचं शेत गुंडाळायला मी मदत केली.

इशिता एकदा आली होती. दारातच उभी राहिली. "सर, व्हाय डिड यू लाय?" सर म्हणाले, "आस्क युवर पप्पा. बट नॉट अँग्री. घरात शांत असाल तेव्हा." ती दप्तर सावरत गेली.

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसलो, मी एसी लावला, तेवढ्यात सरांच्या खिडकीवर टकटक झाली. सुरेश परब. सूट नव्हता. साधा शर्ट, काखेत घाम. पलीकडे त्यांच्या मोठ्या गाडीत पुढच्या सीटवर इशिता बसली होती, तोंड दुसरीकडे करून.

सरांनी काच खाली केली. गरम वारा आत आला.

"मास्तरांनू," परब म्हणाले.

"बोला बुवा."

बुवा म्हटल्यावर त्या माणसाने खिडकीची कड धरली.

"क्लास गेलो म्हणतत तुमचो."

"जावंदे."

"माझ्यामुळा झाला."

"रवांदे."

दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण परबांच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच मोडलं. मलाही आलं लक्षात. मी स्टिअरिंगकडे बघत बसले.

"चेडू बोलना नाय माझ्यावांगडा," ते मागे गाडीतल्या इशिताकडे बघत म्हणाले. "आठ दिस झाले. घरात येता, जेवता, खोलीत जाता."

मी वाट बघितली. ओळ टाकली होती, उचलायची होती. सरांनी उचलली नाही.

"ह्याका रवांदे म्हणूक जमाचा नाय, बुवा," ते म्हणाले. "तिका घेवन जावा. जागा दाखवा."

"थंय आता काय आसा? नवीन बिल्डिंगी झाल्यो."

"मगे नवीन बिल्डिंगी दाखवा. हयसर होतंव म्हणान सांगा."

परबांनी मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही. खिडकीवर दोनदा थोपटल्यासारखं केलं आणि गेले.

आम्ही बाहेर पडलो. शारजाच्या रस्त्याला रांग लागलेलीच होती, आणि त्या रांगेत आमच्या पुढे दोन गाड्या सोडून परबांची गाडी होती. त्यांचंही घर शारजाला. आत दोन डोकी दिसत होती, एकमेकांपासून लांब. रांग थोडी सरकली, थांबली, सरकली. मग परबांचा इंडिकेटर लागला. गाडी रांगेतून बाहेर निघाली आणि उलट्या दिशेला, जबल अलीच्या रस्त्याला लागली.

उल्हास सरांची बोटं डॅशबोर्डवर वाजायला लागली, पहिली मात्रा सोडून, दुसऱ्यावर आणि चौथ्यावर. मान मात्र समेवरच हलत होती.

रोज मी त्यांना ते वाजवणं बंद करा म्हणते. आज म्हटलं नाही.